गोंदण, मिश्र कापड आणि लेवीयचा एकोणिसावा अध्याय

प्रश्न : माझ्या मुलानं मनगटावर क्रूस गोंदवून घेतला. सासूबाईंनी जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकातलं १९:२८ काढून दाखवलं, की अंगावर गोंदवून घ्यायला देवाची मनाई आहे. त्यानं त्याच पानावर बोट ठेवलं, ‘मग एकोणिसाव्या वचनात दोन प्रकारच्या धाग्यांचे कपडे घालू नका म्हटलंय, त्याचं काय? सोयीचं तेवढंच पाळायचं?’ आम्ही दोघीही गप्प झालो. सगळं पवित्र शास्त्र आज आपल्याला लागू आहे की नाही?

उत्तर : ताई, मुलगा रागानं बोलला असेल, पण प्रश्न खरा आहे. सोयीचं तेवढं वेचायची खोड आपल्याला आहेच, आणि ती मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

हा वाद मंडळीच्या पहिल्याच पिढीत झाला. नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५ काढा. परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांनी सुंता करावी का, मोशेचं नियमशास्त्र पाळावं का, यावर यरुशलेमेत बरीच वादावादी झाली. जे जू आपल्याला आणि आपल्या पूर्वजांना पेललं नाही ते शिष्यांच्या मानेवर का ठेवता, असं पेत्रानं विचारलं. शेवटी चारच गोष्टी वर्ज्य सांगितल्या: मूर्तींना वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि जारकर्म. म्हणजे मिश्र कापडाचा नियम आपण सोयीनं गाळलेला नाही. इस्राएलला दिलेला तो कायदा आपल्यावर लादायचा नाही, हे प्रेषितांनीच ठरवलं. यज्ञांचंही तसंच. ख्रिस्तानं एकदाच, सर्वकाळासाठी स्वतःला अर्पण केलं, असं इब्री लोकांस पत्र सांगतं.

मग जुना करार बाजूला ठेवायचा? दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या एका ख्रिस्ती शिक्षकानं तेच केलं. जुना करार पूर्ण नाकारला. लूकचं शुभवर्तमान छाटून ठेवलं आणि पौलाची दहा पत्रं घेतली. इ. स. १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीनं त्याला बाहेर काढलं, आणि योग्यच केलं. ‘ख्रिस्त’ म्हणजे अभिषिक्त. जुना करार काढला तर अभिषिक्त कोण, कशासाठी, काहीच उरत नाही. आणि पौलाचा सहकारी तीमथ्य याला बालपणापासून जो पवित्र शास्त्र म्हणून ठाऊक होता, असं पौल लिहितो, तो हाच जुना करार.

‘लागू’ या शब्दात आपण दोन गोष्टी मिसळतो. एखादी आज्ञा मला बांधते का, हा एक प्रश्न. तिच्यातून मला देवाचं मन कळतं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर पुष्कळदा ‘नाही’ असतं. दुसऱ्याचं ‘नाही’ असं उत्तर मला तरी अजून सापडलेलं नाही.

लेवीय मीही कित्येक वर्षं टाळलं. पाळक म्हणून उपदेशाला उभा राहायचो तो शुभवर्तमानं नाहीतर स्तोत्रं घेऊन. एकदा मात्र हाच एकोणिसावा अध्याय घेतला. उपासना संपल्यावर एक बांधकाम मजूर थांबला आणि म्हणाला, ‘ते वचन कुठलं, लिहून द्या.’ तेरावं वचन होतं: मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नको. त्याची तीन आठवड्यांची मजुरी अडकली होती. मी कागदावर लिहून दिलं. त्यानं घडी करून खिशात ठेवलं, आणि मला लाज वाटली, की इतकी वर्षं हे मी लोकांपासून दूर ठेवलं.

त्याच अध्यायात शेताच्या कडेचं पीक गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडायला सांगितलंय. जुन्या करारातली परकी विधवा रूथ ज्या शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर उरलेली कणसं, वेचते ते याच नियमामुळे. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नको, हेही तिथंच. आणि ‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ हे अठरावं वचन, मिश्र कापडाच्या अगदी आधीचं. प्रभू येशूनं दुसरी मोठी आज्ञा म्हणून तेच उचललं.

गोंदणाचं वचन मेलेल्यांसाठी अंग कापून घेण्याच्या मनाईबरोबर येतं, शोकविधीच्या संदर्भात. त्या एका वचनावरून तुमच्या मुलाला पापी ठरवणं मला मान्य नाही. सासूबाईंना हे माझ्या नावानं सांगा.

मुलालाही एक सांगा. अठ्ठाविसाव्या वचनावर थांबू नकोस, चार वचनं पुढे जा: पिकल्या केसांच्या माणसासमोर उठून उभा राहा. मग नवव्यापासून अठराव्यापर्यंतची वचनं त्यानं आजीला मोठ्यानं वाचून दाखवावीत.