बाबा म्हणतात गॅस हाय, पण फवारणी करतानाच कसा होते?

प्रश्न: माह्या बाबाचं वय ५६. १६ लिटरचा पंप पाठीवर घेऊन कपाशीत फवारते तं दोन-तीन ओळी झाल्या का छातीवर दगड ठेवल्यासारखं होते, डावा हात भरून येते, जबडा दुखते. लिंबाखाली पाच मिनिटं बसले का बरं. ईसीजी नॉर्मल आला, म्हून बाबा म्हणतात गॅस हाय आन् सोडा पितात. खर्रा दिवसाले चार पुड्या. काय करू? (एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर: अहो, गॅस काय पंप पाठीवर चढायची वाट पाहत बसत नाही. काम केलं की दुखणं आणि बसलं की थांबणं, याला अंजायना म्हणतात, आणि मला तोच वाटतो. हृदयाला स्वतःलाही रक्त लागतं, ते पुरवणाऱ्या नळ्या आतून चरबी साचून अरुंद होतात, ठिबकच्या नळीत क्षार बसतो तसं. बसल्या जागी तेवढं रक्त पुरतं, ओझं उचललं की कमी पडतं. ईसीजी काढला तेव्हा बाबा निवांत झोपलेले होते, मग तो नॉर्मल येऊ शकतोच ना! इको (हृदयाची सोनोग्राफी) करा, डॉक्टर म्हणाले तर ट्रेडमिल टेस्ट (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) आणि गरज पडली तर अँजिओग्राफी (नळ्यांचा फोटो). त्रास नवीनच असेल किंवा आता थोड्याशा कामातही होत असेल तर कापूस वेचून झाल्यावर पाहू म्हणू नका, आजच न्या. तोवर पंप बंद. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी (फुग्यानं नळी उघडणं) बसते, रेशनकार्ड आधार सोबत ठेवा.

खर्रा थुंकला तरी तंबाखूचं निकोटिन रक्तात जातंच, नळ्या आवळतात, बीपी वाढतं. "बिडी तं ओढत नाही ना" म्हणणारे मला रोज भेटतात.

आता अटॅक वेगळा. साचलेली चरबी फुटून त्यावर रक्ताची गाठ बसते, नळी बंद, आणि मग बसूनही दुखणं थांबत नाही, घाम फुटतो, दम लागतो, मळमळतं. शुगरवाल्यांना तर कधी दुखतही नाही, नुसता दम आणि थकवा. तेव्हा सोडा नको, मोटरसायकलवर मध्ये बसवून नेणं नको, १०८ लावा. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा अल्सर नसेल तर ३०० मिलिग्रॅम चावून खायला देतात, फोनवरच विचारून घ्या. गाठ विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच जास्त कामाचं. शेजाऱ्याची जिभेखालची गोळी मनानं देऊ नका, बीपी एकदम पडतं.

आणि हो, फवारणीच्या विषबाधेतही घाम, उलटी, दम हेच होतं, २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात किती माणसं गेली आठवत असेल. म्हणून फवारताना झालं तर औषधाचा डबा लेबलासकट दवाखान्यात घेऊन जा.