जर्मनीत सेफ्टी-सिक्युरिटीची नोकरी, आणि तिसरीतली मुलगी

तू विचारलंयस की ताई, आठ वर्षं एम्बेडेडमध्ये (म्हणजे यंत्रांच्या आतलं सॉफ्टवेअर लिहिण्यात) काढली, आता जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यातून रेल्वे सिग्नलिंगच्या सेफ्टी आणि सायबर सिक्युरिटीची ऑफर आलीये, मुलगी तिसरीत आहे, येऊ का. ब्लू कार्डला, म्हणजे शिकलेल्या परदेशी लोकांच्या काम-परवान्याला, पगार किती लागतो, डिग्री चालते का, हे सरकारी साइटवर नीट लिहिलंय, ते मी परत सांगत नाही. तुझा प्रश्न दोन दिवस डोक्यातून गेला नाही म्हणून लिहितेय. लांबेल जरा.

आधी कामाचं. मागणी खरी आहे आणि टिकेलही, कारण ती कायद्यातून आलीये. सॉफ्टवेअर असलेल्या वस्तू हल्ल्यांपासून सुरक्षित ठेवायला लावणाऱ्या युरोपच्या सायबर रेझिलियन्स अ‍ॅक्टची मुख्य बंधनं डिसेंबर २०२७ पासून लागतायत, मोटारींना सायबर सिक्युरिटीचा आर१५५ नियम आधीच लागलाय. पूर्वी सेफ्टीवाले (अपघात टाळणारे) वेगळे बसायचे, सिक्युरिटीवाले (हल्ले रोखणारे) वेगळे, आता दोन्ही कळणारी माणसं हवीत आणि ती कमी आहेत. जर्मनमध्ये दोन्हीला शब्द एकच, झिखरहाइट. मिटिंगमध्ये कोण कुठल्या झिखरहाइटबद्दल बोलतंय हे झटकन कळायला मला वर्ष लागलं. आणि हा नुसता शब्दाचा घोळ नाहीये. रेल्वेत सेफ्टीचं सगळ्यात जुनं उत्तर म्हणजे गाडी थांबवा, थांबलेली गाडी सुरक्षित. ऑगस्ट २०२३ मध्ये पोलंडमध्ये कुणीतरी रेडिओवरून थांबण्याचा सिग्नल सोडला आणि वीसेक गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, कारण तो सिग्नल पाठवतंय कोण हे तपासायची सोयच त्यात नव्हती. सेफ्टीच्या हिशोबानं सिस्टिम अगदी बरोबर वागली. २०१७ मधलं ट्रायटन पण बघ, सौदीतल्या पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये मालवेअर थेट सेफ्टी कंट्रोलरमध्ये घुसलं होतं, म्हणजे अपघात टाळायला जे बसवलंय त्यातच. या दोन केसेस मुळापासून समजून घे, तुझं पुढचं सगळं करिअर या दोन्हीच्या मधल्या जागेत आहे.

पण जे कुणी सांगत नाही ते हे, की या कामात कोड कमी आणि बोलणं-लिहिणं जास्त. सेफ्टी केस म्हणजे शेवटी एक युक्तिवाद असतो, ही सिस्टिम सुरक्षित आहे असं आम्ही का म्हणतो त्याचा. तुझं काम त्यातली भोकं शोधायचं आणि आठ-दहा माणसांसमोर उभं राहून म्हणायचं की हे मला मान्य नाही. रेल्वेच्या स्टँडर्डमध्ये व्हॅलिडेटर, म्हणजे सिस्टिम शेवटी चालेल की नाही ते ठरवणारा, प्रोजेक्ट मॅनेजरच्या दबावाखाली नको असं स्पष्ट लिहिलंय. तुझा व्हिसा कुणाच्या हातात आहे हे मात्र स्टँडर्डमध्ये येत नाही.

मी २०१६ ला आले. तेव्हा ब्लू कार्डवर पहिली दोन वर्षं नोकरी बदलायची तर परदेशी लोकांच्या सरकारी ऑफिसची परवानगी लागायची. नंतर कार्ड वाढवायची वेळ आली तेव्हा चार महिने अपॉइंटमेंट नाही, मेलला उत्तर नाही, एकदा तर काउंटरवर सांगितलं की तुमची फाइल सापडत नाहीये, परत सगळं द्या. परत सगळं म्हणजे लग्नाचं सर्टिफिकेट, त्याचं शपथ घेतलेल्या ट्रान्सलेटरकडून केलेलं भाषांतर, घराच्या कराराची कॉपी, सगळं. तोपर्यंत हातात एक घडीचा तात्पुरता कागद. रोज सकाळी पोस्टाचा डबा उघडताना पोटात गोळा यायचा, आणि अजूनही सरकारी पत्राचं पिवळं पाकीट दिसलं की येतो, आता कायमचा परवाना असूनसुद्धा.

त्याच महिन्यांत एक रिव्ह्यू होता. सेफ्टी केसमध्ये लिहिलं होतं की नेटवर्क बंदिस्त आहे, ईएन ५०१५९ या रेल्वे कम्युनिकेशनच्या स्टँडर्डप्रमाणे कॅटेगरी १, बाहेरचं कुणी आत येऊ शकत नाही. आणि मधल्या काळात मेंटेनन्ससाठी एक रिमोट कनेक्शन जोडलं गेलं होतं. म्हणजे ते गृहीतकच खोटं ठरत होतं, आणि त्याच्यावर पुढचे सगळे आकडे उभे. मला दिसलं. तोंडात वाक्य पण तयार होतं, जर्मनमध्ये, क्रियापद शेवटी कुठलं येणार इथपर्यंत. आणि मी बोलले नाही. सगळे भराभर बोलत होते, मॅनेजर घड्याळ बघत होता, आणि माझ्या डोक्यात फक्त ती हरवलेली फाइल. मी ते ओपन पॉइंट, म्हणजे सोडवलाच पाहिजे असा मुद्दा, म्हणून न टाकता नुसती एक टीप म्हणून लिहिलं, पान चाळीसच्या पुढे कुठेतरी. पुढे एका सहकाऱ्यानं तोच मुद्दा उचलला आणि डिलिव्हरीच्या आधी दुरुस्ती झाली. त्यावर एकही गाडी धावली नव्हती. तरी मला माहितीये की तो मी उचलला नाही. नवऱ्याला सोडून आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आता मुलीचं. बव्हेरियात चौथीनंतर मुलं वेगळी होतात. मे महिन्यात एक प्रगतिपुस्तक येतं, जर्मन, गणित आणि परिसर या तीन विषयांची सरासरी काढतात, १ सगळ्यात चांगला. २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियुम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा, २.६६ पर्यंत रेआलशूल, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा. माझ्या मुलाला गणितात २, बाकी दोन्हीत ३. म्हणजे २.६६. एका विषयात एक ग्रेड. परिसरमध्ये त्याला उत्तरं यायची, वाक्यं यायची नाहीत. तीन दिवसांची एक चाचणी देऊन तरी गिम्नाझियुमला जाता येतं, पण बाई म्हणाल्या की त्याच्यावर ताण नको, तो तिकडे खूश राहील. मी मान डोलावली. बाहेर कॉरिडॉरमध्ये नवरा म्हणाला, तू काही बोलली का नाहीस. आता तो फाखओबरशूलला, म्हणजे दहावीनंतरच्या शाळेत आहे, तिथून पुढे शिकता येतं, मित्र आहेत, तो स्वतः म्हणतो आई पुरे आता. पण मला ते पुरे होत नाही. दहा वर्षांच्या पोराला आपल्या आईला हे मान्य नाही एवढं तरी कळायला हवं होतं.

म्हणून सांगते, तुझी मुलगी तिसरीत आली तर तिच्या हातात जेमतेम दीड वर्ष असेल. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते, तिकडे ऑफिस असलेली नोकरी मिळत असेल तर पगार थोडा कमी घे पण तिकडे जा. बव्हेरियाच असेल तर त्या चाचणीचं आधीपासून धरून चाल आणि शाळेत लेखी विचार, तोंडी नको.

एकटेपणाचं विचारलंयस. असतो. हिवाळ्यात जास्त. सवय होते.

जर्मन बी१ वर, म्हणजे भाषेच्या मधल्या पातळीवर, थांबू नकोस. बी१ नं कायमचा परवाना लवकर मिळतो, पण मिटिंगमध्ये कुणाचं वाक्य तोडायला ते पुरत नाही. आठवड्यातून दोन तास कुणाबरोबर तरी नुसतं वाद घालायची प्रॅक्टिस कर, तांत्रिक विषयावर, जर्मनमध्ये. मी हे चौथ्या वर्षी सुरू केलं. डिफेन्सच्या जागांमागे लागू नकोस, परदेशी पासपोर्टवर क्लिअरन्स (गुप्त कामासाठीची सरकारी मंजुरी) फार अवघड जातं.

आणि ऑफर लेटरमध्ये रोल काय लिहिलाय ते बघ, व्हेरिफायर (प्रत्येक टप्पा तपासणारा) की व्हॅलिडेटर, आणि तू नेमकं कुणाला रिपोर्ट करणार ते. कंपनीचं नाव नको, फक्त एवढं कळव मला, सही करायच्या आधी.