झितान, चंदन आणि पोकळ झाडं

प्रश्न : जुन्या चिनी फर्निचरच्या जाहिरातीत ‘झितान लाकडाचं चंदनी टेबल’ असं वाचलं. झितान म्हणजे चंदन का? आणि त्याला मेज म्हणावं की टेबल?

उत्तर : लाकूड काळसर दिसलं की ‘शिसवी’, परदेशातून आलं की ‘चंदनी’! विक्रेत्यांनी हे दोन शब्द पार झिजवून टाकलेत. त्या टेबलाला नाक लावलंत तरी चंदनाचा वास येणार नाही. उत्तम झितान म्हणजे, बहुतेक जाणकारांच्या मते, आपलं रक्तचंदन. आंध्रातल्या शेषाचलमच्या डोंगरांत वाढणारं, पाण्यात बुडेल इतकं जड. मुका मार लागला की आजी ज्याची बाहुली सहाणेवर उगाळून लेप द्यायची, तेच. छिंग राजवटीच्या दरबाराला याचं भारी वेड.

आता खरी गंमत. ‘झितान’ हा रोमन अक्षरांवरून बेतलेला उच्चार. चिनी माणूस ‘चाका’तल्या दंत्य च ने सुरुवात करतो आणि पुढे ‘थान’ म्हणतो. पहिल्या अक्षराचा अर्थ जांभळा. आणि थान? बौद्ध ग्रंथ चिनीत नेताना ‘चंदन’ हा संस्कृत शब्द दोन अक्षरांत उतरवला गेला, त्यातलं दुसरं अक्षर हेच. आज ती जोडी ‘चान-थान’ अशी ऐकू येते. पण मध्ययुगीन चिनीत या ‘थान’चा उच्चार ‘दान’ होता. च्येन-दान. आलं ऐकू?

यावर काही पंडित नाक मुरडतात. म्हणे हे अक्षर बौद्ध धर्म चीनमध्ये पोचण्याच्या कितीतरी आधीचं. प्राचीन चिनी गीतांतही लोक थानाची झाडं तोडतात, चाकांसाठी लाकूड काढतात. बरोबर आहे, अक्षर त्यांचंच. पण सुगंध नसलेल्या लाकडाला आपणही ‘चंदन’ म्हणायचं आणि त्यांनीही चंदनाच्या जोडीतलंच अक्षर लावायचं, याला योगायोग म्हणणाऱ्यांनी एकदा सहाण घेऊन बसावं. माझ्या मते नाव लाकडाबरोबरच गेलं.

‘दहा थान, नऊ पोकळ’ अशी चिनी म्हण आहे. खोड आतून पोकळ निघतं, रुंद फळी दुर्मीळ. टेबलाचा वरचा भाग नीट पाहा : बाहेर चौकट, तिच्या आतल्या कडेला खाच आणि त्या खाचेत नुसती सरकवलेली पातळ फळी. खिळा नाही. दमट हवेत फळी फुगते, कोरड्या हवेत आकसते, पण तिला हलायला जागा असल्यामुळे तडकत नाही.

बाकी, चिनीत टेबलाला एकच शब्द नाही. पाय चारही कोपऱ्यांत असतील तर च्वो, टोकांपासून आत घेतलेले असतील तर आन. च्वोचं मूळ ‘उंच’, कारण पूर्वी बैठक जमिनीवरची, चटईवरची. चौरस च्वोभोवती आठ जण जेवतात, एकेका बाजूला दोघे. त्याला ‘आठ सिद्धांचं टेबल’ म्हणतात. लांबट आन भिंतीला लावून त्यावर फुलदाणी, धूपपात्र ठेवायचं, नाहीतर कागद पसरून चित्र काढायचं.

हां, मेज की टेबल? एक फारसीतून आलेलं, दुसरं इंग्रजीतून, काहीही म्हणा. उत्तर चीनमध्ये खालून ऊब दिलेल्या विटांच्या ओट्यावर एक बुटकं च्वो ठेवतात, त्याला मात्र सरळ चौरंग म्हणा.