पिंपाचा घेर आणि उंची माहीत आहे, व्यास नाही. पाणी किती मावेल?

आमच्या तासगावकडं द्राक्षाच्या फवारणीला हेच पिंप असतं. तुम्ही घेर १७६ सेंमी आणि उंची ८५ सेंमी दिलीय, तेवढं पुरे. पिंप फोडून व्यास मोजायची गरज नाही!

घेर = २πr (r म्हणजे त्रिज्या, π म्हणजे २२/७), म्हणून r = १७६ × ७ ÷ ४४ = २८ सेंमी. तळाचं क्षेत्रफळ πr² = २४६४ चौसेंमी. गुणिले ८५, म्हणजे २,०९,४४० घनसेंमी. हजारानं भागा: साधारण २०९ लिटर. (पत्र्याची जाडी सोडून दिलीय.)

उलटंही जमतं. १०० लिटरच पाणी हवं? १,००,००० ÷ २४६४ = ४०.६ सेंमी. काठीवर तेवढ्यावर खूण करा, काठी तळाला टेकवा आणि खुणेपर्यंत भरा. फक्त त्रिज्येऐवजी व्यासाचा वर्ग करू नका, उत्तर चौपट येतं आणि औषधाचा डोसही.