नोटरीचा कागद आणि अडलेला दुसरा हप्ता

कोल्हापूरच्या कसबा बावड्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. सासऱ्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या दीड गुंठा जागेवरचे मातीचे घर उतरवून त्यांनी प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी विभागातून घरकुलाचे काम सुरू केले. 2022 च्या सुरुवातीला मंजुरी मिळाली, पहिला हप्ता आला, जोते झाले आणि त्यानंतर नणंदेने तक्रार अर्ज दिल्यामुळे दुसरा हप्ता थांबला आणि खुलासा मागणारी नोटीसही आली. नणंदेने 2021 मध्येच 100 रुपयांच्या स्टॅम्पवर हक्क सोडल्याचे लिहून दिले आहे, त्याला नोटरीही आहे; मग तिची तक्रार ऐकून कशी घेतली जाते, असा त्यांचा प्रश्न आहे. असे प्रश्न माझ्याकडे सतत येतात; माणसे निराळी असतात, कागद मात्र तोच असतो.

त्या कागदाची प्रत मी पाहिली. दोन साक्षीदार आहेत, नोटरीचा गोल शिक्का आहे, नणंदेची सही आणि अंगठाही आहे. नाही ती फक्त नोंदणी. स्थावर मिळकतीतील हक्क सोडून देणारा दस्त नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 17 प्रमाणे नोंदवावाच लागतो आणि तो नोंदवलेला नसेल तर कलम 49 प्रमाणे त्या मिळकतीवर त्याचा परिणाम होत नाही. सही झाल्यापासून 4 महिन्यांत, फार तर दंड भरून आणखी 4 महिन्यांत, तो दुय्यम निबंधकांपुढे, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे, हजर करता आला असता. ती मुदत सरून वर्षे लोटली असल्यामुळे हा कागद आता कोणत्याही उपायाने जिवंत होणार नाही. नोटरी केली म्हणजे काम पक्के झाले, ही समजूत कोर्टाच्या आवाराबाहेरच्या टेबलांनी पसरवली आहे आणि शिकली सवरलेली माणसेही तिच्यावर विसंबतात, याचा खरोखर उबग आला आहे.

लग्नात खर्च केला होता, नणंदेचे इचलकरंजीत स्वतःचे घर आहे, या गोष्टींनी तिचा वाटा जात नाही. सासरे मृत्युपत्र न करता वारले आणि सासूबाईही नंतर गेल्या, त्यामुळे हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे आपले पती, दीर आणि नणंद यांचा प्रत्येकी एक तृतीयांश हिस्सा होतो. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) आजही सासऱ्यांचेच नाव आहे. वारस नोंद करून घ्यावी, पण त्या नोंदीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे.

हप्त्याचा संबंध इथे येतो. लाभार्थ्याने स्वतः घर बांधण्याच्या या घटकात केंद्राचे 1.5 लाख आणि राज्याचे 1 लाख असे 2.5 लाख रुपये मिळतात. मात्र मार्गदर्शक सूचनांची अट अशी आहे की जमीन लाभार्थ्याच्या मालकीची असावी आणि तिची कागदपत्रे त्याने नागरी संस्थेकडे द्यावीत. शिवाय केंद्राचा पैसा 40, 40 आणि 20 टक्के अशा टप्प्यांनी राज्याकडे येतो, आणि आधीच्या रकमेपैकी 70 टक्के खर्च झाल्याचे दाखवल्याशिवाय पुढचा टप्पा सुटत नाही. मालकीवर लेखी हरकत असलेल्या घराचा हप्ता सोडून उद्या लेखापरीक्षणात उत्तर देण्याची कोणाही अधिकाऱ्याची तयारी नसते, आणि या एका बाबतीत मी त्यांना दोष देणार नाही.

यावर उपाय एकच आहे, तो म्हणजे नवे, नोंदणीकृत हक्कसोडपत्र. दीरांची तोंडी संमती आहे असे आपण सहज लिहिले आहे. पण त्यांचीही सही त्याच दस्तावर हवी. हा दस्त आपल्या नव्हे, पतीच्या नावे करावा. आपण सून असल्यामुळे सहहिस्सेदार नाही, म्हणून आपल्या नावे लिहून दिलेला दस्त हक्कसोड न राहता बक्षीसपत्र ठरण्याचा आणि मुद्रांक शुल्क वाढण्याचा संभव आहे. घर कुटुंबातील स्त्रीच्या किंवा पतिपत्नींच्या संयुक्त नावे असावे ही योजनेची अट पतीने नंतर आपल्याला बक्षीसपत्र देऊन पुरी करता येईल. भावंडांमधील वडिलोपार्जित मिळकतीच्या हक्कसोडीला नाममात्र शुल्क आहे, मात्र सासऱ्यांची स्वकष्टार्जित जागा 'वडिलोपार्जित' धरायची की नाही याबद्दल मतभेद होऊ शकतात. नणंदेला रक्कम दिली तर हिशेब आणखी बदलू शकतो. दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

नणंद तयार नसेल तर वाटणीचा दावा उरतो. तो दिवाणी न्यायालयात किती वर्षे चालेल हे कोणीही सांगू शकत नाही, आणि योजना तोपर्यंत थांबत नाही: हिची मूळ मुदत 31 मार्च 2022 होती आणि ती नंतर वाढवण्यात आली. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसते, त्यामुळे रिट, म्हणजे सरकारी कारवाईविरुद्ध थेट उच्च न्यायालयात याचिका, करू का, असेही आपण विचारले आहे. मुंबईची फेरी वाचली, तरी रिटमधून नणंदेचा हिस्सा आपल्याकडे येत नाही. त्याऐवजी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाव्यापूर्वीच्या मध्यस्थीसाठी अर्ज करावा. स्त्री म्हणून उत्पन्नाची अट न लागता विधी साहाय्य मिळण्याचा आपल्याला हक्क आहे.

राहिली ती नोटीस. खुलासा 15 दिवसांत मागितला होता आणि ते पत्र आपण 7 महिने विजेच्या बिलांच्या पिशवीत ठेवले. मिळालेला हप्ता वसूल होईल का, हे आता या खुलाशावर बरेच अवलंबून राहील. नक्की काय होईल ते मी सांगू शकत नाही. याच आठवड्यात उशिराचे कारण देऊन, हक्कसोडपत्राची तयारी सुरू असल्याचे लिहून आणि मुदत मागून खुलासा सादर करावा, सोबत जोत्याचे छायाचित्र जोडावे, आणि आवक टेबलावर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नये.