विंडोज ठेवू की लिनक्स टाकू?

प्रश्न : ताई, मी कराडला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पायथनमध्ये बॅकएंड, म्हणजे वेबसाइटची सर्व्हरवर चालणारी बाजू, शिकतेय. दादाचा जुना लॅपटॉप मिळालाय : सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, विंडोज १०. वर्गातले सगळे म्हणतात, मॅक घे. बाबा कर्ज काढायलाही तयार आहेत. काय करू?

उत्तर : बाबांना कर्ज काढू देऊ नकोस. आयफोनची ॲप्स करायची असतील तर मॅक लागतोच, कारण ती बनवायचं ॲपलचं सॉफ्टवेअर, एक्सकोड, दुसरीकडे चालत नाही. तुझं काम ते नाही.

तू लिहिलेला कोड शेवटी कुठे चालणार, ते आधी बघ. बॅकएंडचा कोड बहुतेक वेळा लिनक्सच्या सर्व्हरवर जातो. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच, पण मोफत मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम. हे मी फार उशिरा शिकले. पुण्यातल्या पहिल्या नोकरीत आम्ही सगळे विंडोजवर काम करायचो. माझ्या पावतीच्या टेम्प्लेटच्या, म्हणजे साच्याच्या, फाइलचं नाव होतं कॅपिटल 'पी'चं, कोडमध्ये मी लिहिलं स्मॉल 'पी'नं. विंडोजला दोन्ही सारखंच, त्यामुळे माझ्याकडे पान छान उघडायचं. शुक्रवारी संध्याकाळी कोड सर्व्हरवर चढवला आणि पावत्या निघायच्या बंद झाल्या. लिनक्सला ती दोन वेगळी नावं. चूक सापडेपर्यंत रात्रीचे दोन वाजले, आणि तोवर ग्राहक ताटकळत बसले होते. मॅकसुद्धा, सेटिंग बदललं नाही तर, ही चूक पोटात घालतो. लिनक्सवर काम केलं असतं तर ती पहिल्याच मिनिटाला कळली असती.

शिवाय विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठीच्या यादीत तुझा प्रोसेसर बसत नाही. लॅपटॉप नवा असता तर विंडोजमध्येच डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय, टाक म्हटलं असतं. त्यातही खरं लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, असतं. पण ८ जीबीत दोन्ही कोंबू नकोस.

म्हणून लिनक्सच टाक. झुबुंटू २४.०४ किंवा लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घे, लिनक्सच्या या दोन्ही आवृत्त्या हलक्या आहेत. आत अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवून घे. पैसे खर्च करायचेच असतील तर इथे कर, लॅपटॉप ओळखू येणार नाही इतका फरक पडेल.

कॉलेजची ऑनलाइन परीक्षा फक्त विंडोजवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर होते का, ते आधी विचार. होत असेल तर विंडोजला थोडी जागा ठेव, दोन्ही एकाच लॅपटॉपवर राहतात. दादाचे फोटो मात्र काहीही करण्याआधी दुसरीकडे उतरवून घे.

इन्स्टॉल करण्याआधी दोन-तीन दिवस पेनड्राइव्हवरूनच चालवून बघ. आवाज, ब्राइटनेस, झाकण मिटल्यावर झोपणं, मराठी टायपिंग सगळं तपास. ब्रॉडकॉमची चिप असेल तर वायफाय कधीकधी लागत नाही. तसं झालं तर फोन यूएसबीने जोडून त्याचं इंटरनेट वापर आणि ड्रायव्हर उतरवून घे. तरीही अडलीस तर चिपचं मॉडेल लिहून पाठव, पुढच्या अंकात बघू.