लेकीच्या बाळंतपणाला लंडनला जाताना पॉइंट वळवावेत का?

फोंड्याच्या एका ताईंचं पत्र आहे. लेक इंग्लंडात स्विंडनला असते, मेच्या मध्यावर तिचं बाळंतपण. एप्रिलअखेर ताई तिच्याकडे जाणार आणि तीन महिने राहणार. यजमान वेर्ण्याच्या औषध कंपनीत आहेत, त्यांना दोनच आठवडे रजा मिळेल. कंपनीच्या कामानिमित्त हैदराबाद-मुंबईत राहून त्यांच्या खात्यात मॅरियट हॉटेलांच्या बॉनव्हॉय योजनेचे १,८०,००० पॉइंट जमलेत आणि क्रेडिट कार्डावर आणखी १,४०,०००. बँकेनं कळवलंय की या महिनाअखेरपर्यंत एका विमान कंपनीकडे पॉइंट वळवले तर २५ टक्के जादा माइल्स, म्हणजे त्या कंपनीचे पॉइंट, मिळतील. मुंबई–लंडन बिझनेसचं एकेरी तिकीट त्या कंपनीकडे माणशी ७५,००० माइल्स अधिक कर-अधिभाराचे २२,००० रुपये असं पडतं. सगळे पॉइंट वळवून दोघांनी जाताना बिझनेसनं जावं, असा यजमानांचा बेत आहे. ताईंच्या कण्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. ‘असले पॉइंट परत कधी जमणार, आताच वापरून टाकू का,’ असं त्या विचारतात.

ताई, नमस्कार. आधी उत्तर सांगतो, हिशेब नंतर. तुमचं एकटीचं जातानाचं तिकीट माइल्सवर काढा, तेही फक्त कार्डाच्या पॉइंटांतून. मॅरियटचे पॉइंट विमान कंपनीकडे वळवू नका. यजमानांचं तिकीट रोखीनं, इकॉनॉमीचं, जाऊन-येऊन एकत्र घ्या. आणि व्हिसा हातात पडून ती तारीख, ती जागा डोळ्यांनी दिसेपर्यंत एकही पॉइंट हलवू नका, मग २५ टक्के हुकले तरी चालतील.

मॅरियटपासून सुरू करतो. तिथे तीन पॉइंटला एक माइल मिळतो आणि एकदम ६०,००० पॉइंट वळवले की वर ५,००० माइल्स. म्हणजे ६०,०००चे २५,००० आणि तुमच्या १,८०,०००चे ७५,०००. आकडा मोठा दिसतो, पण त्यासाठी काय जातंय ते बघा. ज्या खोलीला रात्रीचे १८,००० रुपये पडतात ती ३०,००० पॉइंटला मिळाली, तर एक पॉइंट ६० पैशांचा झाला. त्या हिशेबानं तुमचे पॉइंट १,०८,००० रुपयांचे आहेत. शिवाय मॅरियटमध्ये सलग पाच रात्री पॉइंटवर घेतल्या तर पाचवीचे पॉइंट लागत नाहीत, म्हणजे नीट वापरले तर किंमत आणखी वाढते. ७५,००० माइल्समधून १,०८,००० रुपये वसूल व्हायचे तर प्रत्येक माइलनं १ रुपया ४४ पैसे द्यायला हवेत. इकॉनॉमीच्या तिकिटात ते होत नाही.

बाकी हॉटेलांची गत याहून वाईट. हिल्टनचे १०,००० पॉइंट दिले की साधारण १,००० माइल्स येतात, आयएचजीचे दिले की २,०००. हॉटेलचे पॉइंट हॉटेलातच खर्चावेत. अपवाद एकच, तिकिटाला थोडेसेच माइल्स कमी पडत असतील तेव्हा तेवढ्यापुरते वळवायला हरकत नाही.

कार्डाच्या पॉइंटांचं तसं नाही. तुमच्या पत्राप्रमाणे दोन पॉइंटला एक माइल मिळतो आणि बँकेच्या स्वतःच्या पोर्टलवर विमानाचं तिकीट काढलं तर एक पॉइंट ५० पैशांना चालतो. म्हणजे एरवी एका माइलसाठी तुम्ही रुपया मोजता आणि २५ टक्के जादा मिळाले तर ८० पैसे. हा सौदा विचार करण्याजोगा आहे. ७५,००० माइल्सना १,२०,००० पॉइंट पुरतात, २०,००० शिल्लक राहतात.

आता खरा प्रश्न त्या बिझनेसच्या जागेची किंमत काय, हा. यजमानांनी मांडलेला हिशेब असा: रोखीनं ते तिकीट १,७५,००० रुपयांना आहे, २२,००० आपण भरतोच, म्हणजे ७५,००० माइल्सनी १,५३,००० वाचवले, एका माइलला दोन रुपयांहून जास्त मिळाले. गणित बरोबर आहे, पण ते तुमच्या घराला लागू पडत नाही. पावणेदोन लाखांचं एकेरी तिकीट तुम्ही रोखीनं कधी काढलं असतंत का? पत्र वाचून तरी वाटतं, नसतं काढलं. मग जे पैसे तुमच्या खिशातून जाणारच नव्हते ते वाचले असं म्हणता येणार नाही. माइल्सचं तिकीट तुम्ही एरवी जे काढलं असतंत त्याच्याशी ताडून बघायचं.

तुम्ही एरवी गोवा–लंडन–गोवा इकॉनॉमी काढली असती, ७२,००० रुपयांची. माइल्सवर गेलात तर २२,००० कर-अधिभार, परतीच्या एकेरी तिकिटाचे ४६,००० आणि मुंबईपर्यंतचं विमान व जादा सामान मिळून साधारण ७,००० धरा. रोख झाली ७५,०००. म्हणजे रोखीत तीनच हजारांचा फरक आणि वर गेले १,२०,००० पॉइंट, ज्यांनी पोर्टलवर ६०,००० रुपयांचं भाडं फिटलं असतं. तेव्हा दहा तास आडवं होऊन जायची किंमत ६३,००० रुपये. हा आकडा समोर ठेवून ठरवा.

माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी ते पैसे योग्य जागी जातील. कण्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसानं इतका वेळ ताठ बसून जायचं आणि पोचल्यावर लेकीचं घर सांभाळायचं, स्वयंपाक बघायचा, बाळाला न्हाऊ घालायचं. उतरल्या उतरल्या तुम्हीच अंथरुणाला खिळलात तर जाण्याचा उद्देशच मागे पडेल. फक्त निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना प्रवासाबद्दल विचारून घ्या.

यजमानांना हे लागू नाही. त्यांची प्रकृती ठणठणीत आहे, दोन आठवड्यांत परतायचंय, दोन्ही तारखा पक्क्या. त्यांचं जाणं माइल्सवर केलं तरी येण्याचं एकेरी तिकीट ४६,००० ला काढावंच लागणार. ७२,००० च्या जागी ४६,०००, वाचले २६,०००, त्यातले २२,००० अधिभारात गेले. मॅरियटचे १,८०,००० पॉइंट देऊन हातात चार हजार रुपये आणि एका रात्रीची झोप. ताई, हे त्यांना वाचून दाखवा.

परतीचं तिकीट माइल्सवर बिझनेसचं काढावं का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. नको. ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशाला तिथलं सरकार एअर पॅसेंजर ड्यूटी लावते आणि ती माइल्सच्या तिकिटालाही भरावी लागते. भारताच्या अंतराला २०२५-२६ मध्ये इकॉनॉमीसाठी ९० पौंड होती आणि वरच्या वर्गासाठी २१६. भारतातून निघताना ही ड्यूटी नसते, म्हणून चांगली जागा घ्यायचीच तर ती जातानाच घ्यावी.

आता गोव्यातून निघण्याबद्दल, कारण इथल्या माणसाचा हिशेब मुंबई-पुण्याच्या माणसासारखा सरळ राहत नाही. गोव्याहून लंडनच्या गॅटविक विमानतळाला जाणाऱ्या थेट विमानावर योजना आखू नका. ती सेवा जून २०२५ मध्ये थांबवली गेली तेव्हा किती घरांची धावपळ झाली ते आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. माइल्सची जागा मुंबईहून मिळणार आणि गोवा–मुंबईचं तिकीट वेगळं असणार. दोन तिकिटं वेगळी असली की पहिलं विमान उशिरा पोचल्यानं दुसरं चुकलं तरी दुसऱ्या कंपनीची जबाबदारी नसते. सामानाचीही तीच कथा. बिझनेसला तुम्ही दोन मोठ्या बॅगा नेऊ शकाल, पण देशांतर्गत विमानात बहुतेक साध्या तिकिटांवर १५ किलोच चालतं. डिंकाचे लाडू, खोबरं, हळद, बाळाच्या दुपट्यांसकट तुमचं सामान त्यात मावायचं नाही. जादा वजनाचे पैसे आधीच ऑनलाइन भरा, काउंटरवर ते महाग पडतात. दाबोळी तुम्हाला जवळ, मोपा लांब, पण पाचशे-हजार रुपयांसाठी वेळेची जोखीम घेऊ नका. जे विमान आदल्या दिवशी दुपारी मुंबईला पोचवेल ते घ्या. मडगावहून वंदे भारत किंवा तेजसनं गेलात तर सामानाचा प्रश्नच मिटतो, पण तुमच्या पाठीचं बघून ठरवा.

आणि इथे मॅरियटचे पॉइंट कामाला आणा. आदल्या रात्री मुंबईत विमानतळाजवळ राहायचंच आहे, सहारला आणि चकाल्याला त्यांची हॉटेलं आहेत. एक रात्र पॉइंटवर घ्या, रात्रभर पाठ टेका, सकाळी निवांत निघा. उरलेले खात्यात राहू द्या, फक्त २४ महिने काहीच हालचाल झाली नाही तर ते बाद होतात, एवढं ध्यानात असू द्या. यजमान वरचेवर राहतात म्हणून तुम्हाला ती काळजी नाही.

परत येताना जुलैअखेर असेल, भर पावसाळा. कोकण रेल्वे तेव्हा पावसाळी वेळापत्रकावर कमी वेगानं धावते. त्यामुळे परतीचं तिकीट लंडनहून आखातातल्या विमानतळामार्गे थेट गोव्यापर्यंतचं, सगळा प्रवास एकाच तिकिटावर असलेलं घ्या. पैसे थोडे जास्त पडले तरी सामान लंडनला दिलं की गोव्यात मिळेल आणि मधलं विमान चुकलं तर पुढची सोय कंपनी करेल. तारीख बदलता येईल असंच तिकीट हवं. बाळ-बाळंतीण कशी आहेत त्यावर तुमचं येणं ठरेल, आणि व्हिजिटर व्हिसावर एका खेपेला सहा महिन्यांपर्यंत राहता येतं, म्हणजे हातात वेळ आहे.

महिनाअखेरच्या मुदतीनं यजमान घाईला आलेत ते मला समजतं. पॉइंट नुसते साठवून ठेवण्यातही धोका आहेच. ॲक्सिसच्या मॅग्नस कार्डावर पाच पॉइंटला चार माइल्स मिळायचे, सप्टेंबर २०२३ पासून ते दोनच झाले. ज्यांनी साठवले त्यांचे एका फटक्यात अर्धे झाले. पण माइल्स काही त्याहून सुरक्षित नसतात. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, तिच्या विमानात जागा घ्यायला जमवलेल्या माइल्सना ते विमानच उरलं नाही. आणि पॉइंट एकदा विमान कंपनीकडे गेले की बँकेकडे परत येत नाहीत. तिकीट रद्द केलंत तर थोडं शुल्क कापून माइल्स त्या कंपनीच्याच खात्यात पडतात. काही कंपन्यांत त्यांना ठरलेली मुदत असते, सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये ३६ महिने, मग तुम्ही प्रवास करा वा न करा.

म्हणून बँकेला आजच दोन गोष्टी विचारा. जादा २५ टक्के लगेच जमा होतात की नंतर? नंतर होत असतील तर १,२०,००० पॉइंटचे आधी ६०,००० माइल्सच येतील, तिकीट निघणार नाही आणि दिसलेली जागा दुसरा कोणी घेईल. तसं असेल तर सगळे १,४०,००० वळवून ७०,००० होतात, आणि उरलेल्या ५,०००साठी मॅरियटचे १५,००० पॉइंट वळवायला मी हरकत घेणार नाही. मात्र मॅरियटहून माइल्स पोचायला काही दिवस लागू शकतात. या वाटेनं जादाचे १७,५०० माइल्स नंतर येऊन पडून राहतील, म्हणून ही दुसरी पसंती. दुसरी गोष्ट, पॉइंट वळवायला किती दिवस लागतात आणि शुल्क किती. शुल्क बहुधा शंभर-दोनशे रुपये अधिक जीएसटी असतं, ते किरकोळ आहे, दिवस किरकोळ नाहीत.

घरभाड्याच्या ॲपवरून दिराच्या खात्यात पैसे पाठवून आणखी पॉइंट जमवायची पत्रातली कल्पना मात्र सोडून द्या. बऱ्याच बँका अशा व्यवहारावर एक टक्का शुल्क घेतात आणि पॉइंट देतच नाहीत. शिवाय भाडं नसताना भाडं म्हणून पैसे फिरवणं योग्यही नाही. आणि कार्डाचं बिल कधी थकलंच, तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरातलं व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, यात माइल्सची सगळी कमाई दोन महिन्यांत संपते.

यजमानांच्या तिकिटाला उरलेले २०,००० पॉइंट पोर्टलवर लावा, १०,००० रुपये कमी होतील. त्या पैशांतून तुमच्या तीन महिन्यांचा प्रवास विमा घ्या आणि कण्याच्या शस्त्रक्रियेची माहिती अर्जात लपवू नका. लपवलेला आजार निघाला तर दावा फेटाळला जातो, आणि ब्रिटनमधलं हॉस्पिटलचं बिल हे तुमच्या सगळ्या पॉइंटांहून मोठं असू शकतं.

एक शेवटचं काम. कार्ड यजमानांच्या नावावर आहे, म्हणजे माइल्सही त्यांच्याच नावाच्या खात्यात जातील, तुमच्या नाही. त्यांच्या खात्यातून तुमचं तिकीट निघू शकतं, पण काही कंपन्या त्यासाठी आधी तुमचं नाव नोंदवायला सांगतात. तुमच्या पासपोर्टवर लग्नाआधीचं आडनाव आहे असं तुम्ही लिहिलंय. नोंदणीत आणि तिकिटात पासपोर्टवरचंच नाव, त्याच स्पेलिंगनं घाला. ते झालं, व्हिसा आला आणि एप्रिलअखेरची जागा दिसली, की त्याच दिवशी पॉइंट वळवा.